जमिनीत मुरलेल्या पाण्याचा हिशोब

तलाव भरला की तो सगळ्यांना दिसतो. त्यातलं पाणी जमिनीखाली कुठवर गेलं, ते मात्र कोणालाच दिसत नाही. म्हणून भूजल पुनर्भरणाचे, म्हणजे पाणी मुद्दाम जमिनीत मुरवून पाहण्याचे, प्रात्यक्षिक प्रकल्प राबवणं हे धरण बांधण्यापेक्षा वेगळ्या जातीचं काम आहे. इथे सरकार पैसे मोजतं ते मुख्यतः माहितीसाठी. पाणी वाढलं तर उत्तमच. पण ते किती वाढलं, कशामुळे वाढलं आणि दुसऱ्या खडकात हाच उपाय चालेल का, हे सांगता येत नसेल, तर प्रात्यक्षिक झालंच नाही असं मी म्हणेन.

अमेरिकेत १९८४ साली यासाठी एक स्वतंत्र कायदाच झाला. तिथल्या मध्यवर्ती मैदानी पट्ट्यात आठ राज्यांच्या खाली सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटरचा एक जलधर, म्हणजे पाणी साठवून ठेवणारा जमिनीखालचा थर आहे. त्याचा बहुतेक भाग ओगलाला या नावाने ओळखला जातो. सिंचनासाठी दशकानुदशकं उपसा होत राहिला आणि कित्येक ठिकाणी पातळी झपाट्याने खाली गेली. ‘ब्युरो ऑफ रिक्लेमेशन’ या केंद्रीय खात्याकडे काम सोपवलं गेलं. भूगर्भ सर्वेक्षण आणि पर्यावरण संरक्षण या खात्यांना सोबत घेतलं गेलं. या आठ राज्यांत किमान १२ आणि पश्चिमेकडच्या इतर नऊ राज्यांत किमान ९ जागा प्रात्यक्षिकासाठी सुचवायच्या होत्या. खर्चाचा किमान पाचवा हिस्सा स्थानिक भागीदाराने उचलायचा होता.

या हिश्श्यामुळे गावाची आस्था टिकते हे खरं, पण ओढाताणही तिथूनच सुरू होते. स्थानिक मंडळींना पाणी हवं असतं, शास्त्रज्ञांना नोंदी हव्या असतात. पैसा कमी पडला की पहिली कात्री लागते ती निरीक्षण विहिरींना, म्हणजे फक्त पातळी मोजण्यासाठी खोदलेल्या विहिरींना. कार्यक्रम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने ठामपणे उभं राहायचं ते नेमकं इथे. पुनर्भरण सुरू होण्याआधीच्या एक-दोन वर्षांच्या पातळ्या हातात नसतील, तर नंतरची वाढ चांगल्या पावसाची की प्रकल्पाची, हे कसं ठरवणार?

शिवाय नुसती पातळी बघूनही फसगत होते. १०० हेक्टरांखाली पाणी एक मीटर वर आलं असं समजा. वाळूच्या थरातून पाणी सुटण्याचं प्रमाण १५ टक्के धरलं, तर साठा दीड लाख घनमीटरने वाढला. भेगाळलेल्या कठीण खडकात हेच प्रमाण दोन टक्के असू शकतं. मग वाढ भरते फक्त २० हजार घनमीटर. आकडा तोच, एक मीटर, पण पाणी साडेसात पट कमी! अहवालात एवढंच छापलं की ‘पातळी एक मीटरने वाढली’, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

दुसरी अडचण गाळाची. पाझर तलावात सुरुवातीला पाणी भराभर मुरतं. मग बारीक माती तळाशी बसते, शेवाळ धरतं आणि मोजक्या मिलिमीटरांचा तो थर सगळा वेग मारून टाकतो. उपाय साधा आहे: तलाव कोरडा पडू द्यायचा, पापुद्रा तडकू द्यायचा, खरवडून काढायचा. पाणी थेट विहिरीतून आत सोडत असाल तर ती अधूनमधून उलट उपसावी लागते. ही कामं दर हंगामाची आहेत. बांधकामासाठी निधी आणि देखभालीसाठी शून्य, अशी मांडणी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच प्रकल्प थंडावतो.

पाण्याच्या गुणवत्तेत तर अजिबात तडजोड नको. कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहराजवळच्या ‘इक्वस बेड्स’ जलधरात पातळी काही ठिकाणी सुमारे १२ मीटर घसरली होती. लिटल आर्कान्सॉ नदीला पूर येईल तेव्हाचं जादा पाणी आत सोडायचं ठरलं. पण वसंतात शेतांवरून वाहून येणाऱ्या पाण्यात अ‍ॅट्राझिन हे तणनाशक असतं. पिण्याच्या पाण्यात त्याची तिथली मर्यादा लिटरमागे तीन मायक्रोग्रॅम आहे. १९९० च्या दशकातल्या प्रात्यक्षिकात दोन वाटा पडताळून पाहिल्या. एका ठिकाणी नदीकाठच्या विहिरीतून, म्हणजे काठाच्या वाळूतून गाळून आलेलं पाणी घेतलं. दुसऱ्या ठिकाणी नदीचं पाणी थेट उचलून सक्रिय कार्बनच्या भुकटीने साफ केलं. दोन्हीकडे नदीचं, सोडलेलं आणि जमिनीखालचं, अशा तिन्ही पाण्यांचे नमुने तपासले गेले. खारेपणा दाखवणाऱ्या क्लोराइडवर आणि विषारी आर्सेनिकवरही नजर होती. आर्सेनिकवर अशासाठी की प्राणवायू असलेलं नवं पाणी आत शिरलं की खडकाची रासायनिक स्थिती बदलते आणि त्यात अडकलेला आर्सेनिक कधीकधी सुटतो.

त्या नोंदींच्या आधारावर शहराने पुढे मोठा प्रकल्प उभारला आणि नमुने घेणं तेव्हाही चालूच ठेवलं. तिथल्या पाण्याला आणखी एक हिशोब लागतो: आत किती घातलं, त्यातलं किती वाहून गेलं आणि किती परत उपसण्याचा हक्क उरला. हा जमाखर्च दरवर्षी राज्याच्या जलविभागाकडे मांडावा लागतो.