काढायची पिशवी, लावायची पिशवी

आमच्या बीड-परळी पट्ट्यात 'पिशवी' म्हटलं की आधी गर्भपिशवी काढणंच आठवतं. त्यामुळं सीटी स्कॅन बघून डॉक्टर 'मोठ्या आतड्याला पिशव्या आल्यात' म्हणाले की सत्तरीतले आजोबाही चक्रावतात. वर 'ऑपरेशननंतर पोटाला पिशवी लावू' असं ऐकलं की घरचे विचारतात, "अहो, काढायची का लावायची?"

आतल्या पिशव्या म्हणजे डायव्हर्टिक्युला. रक्तवाहिनी आतड्याच्या भिंतीत शिरते ती जागा कच्ची असते, तिथून अस्तर फुग्यासारखं बाहेर येतं. बहुतेकांना त्याचा जन्मभर पत्ता लागत नाही. त्या सुजल्या नि फुटल्या, की सर्जन लागतो.

अमेरिकेत विल्यम मेयो यांनी १९०७ मध्ये असा सुजलेला भाग कापून काढल्याचं मांडलं. पण तेव्हा अँटिबायोटिक नव्हती. पू झालेल्या पोटात आतडं लगेच जोडलं तर टाके सुटत. म्हणून पुढं कित्येक वर्षं तीन ऑपरेशनं चालली: आधी आतड्याचं तोंड पोटावर काढायचं (त्यालाच स्टोमा म्हणतात, शी गोळा करायची पिशवी त्यावर लावतात), काही महिन्यांनी खराब तुकडा काढायचा, शेवटी तोंड आत घ्यायचं. गंमत म्हणजे यातला घाण तुकडा पहिले काही महिने पोटातच!

सुटका केली ती फ्रेंच सर्जन हार्टमन यांच्या पद्धतीनं. १९२१ मध्ये त्यांनी ती कॅन्सरसाठी सांगितली होती. तुकडा पहिल्याच वेळी काढायचा, खालचं टोक शिवायचं, वरचं पोटावर आणायचं. फुटलेल्या आतड्याला आजही ती वापरतात. मात्र आतडं पुन्हा जोडणं हे दुसरं मोठं ऑपरेशन, आणि कितीतरी म्हातारी माणसं त्याला तयारच होत नाहीत.

१९७८ मध्ये सर्जन हिंची यांनी या आजाराच्या चार पायऱ्या ठरवल्या, आतड्यालगतच्या छोट्या गळवापासून पोटभर सांडलेल्या विष्ठेपर्यंत. त्यानंतर सगळ्यांना एकच चाकू लावणं कमी झालं. गळू सुईनं, नळी घालून रिकामं करता येतं. १९९१ पासून दुर्बिणीतूनही आतडं काढू लागले.

१९७१ मध्ये पेंटर आणि बर्किट या डॉक्टरांनी आजाराचं कारण म्हणून कोंडा नसलेल्या जेवणावर बोट ठेवलं. आमची ज्वारीची भाकरी त्या हिशेबानं शहाणी ठरली. पण वय आणि आनुवंशिकताही मोजावी लागते, सगळं श्रेय भाकरीला देता येत नाही.

बाहेरच्या पिशवीचं भोक घरी कात्रीनं स्टोमाच्या मापाचं कापतात, शिंप्यासारखं. मे महिन्यात घामानं तिची कड सुटते. मग आजी पंख्याखाली बसून कातडी आधी कोरडी करते, आणि नातू नवी पिशवी चिकटवून तळहातानं दाबून धरतो.