एसीएलएस कोर्स : पात्रता, कागदपत्रं आणि परीक्षेची तयारी

हृदय बंद पडलेल्या रुग्णाभोवती पाच-सहा जण जमतात, प्रत्येकाला औषधं पाठ असतात, आणि तरीही छातीवरचा दाब थांबतो. कारण कोणी काय करायचं हेच ठरलेलं नसतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा एसीएलएस (अ‍ॅडव्हान्स्ड कार्डिओव्हॅस्क्युलर लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय बंद पडल्यावरचे प्रगत उपचार) कोर्स आहे तो नेमका यासाठी. अर्ज करताना हे डोक्यात असू द्या, नाहीतर तीन दिवस नुसते कार्डासाठी जातील.

कोर्स डॉक्टर, परिचारिका, पॅरामेडिक अशा आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आहे. ईसीजीवरच्या लयी ओळखता येणं आणि आपत्कालीन औषधांची माहिती असणं गृहीत धरलेलं असतं. दोन्ही कच्चं असेल तर आधी महिनाभर अभ्यास करा, मग नाव द्या. बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवण्याचा प्राथमिक कोर्स) झालेलं नसेल तर बहुतेक ठिकाणी तो एक दिवस आणि एसीएलएसचे दोन दिवस एकत्रच घेतात.

नोंदणी असोसिएशनच्या अधिकृत प्रशिक्षण केंद्रात होते. फी केंद्र ठरवतं, त्यामुळे ती सगळीकडे सारखी नसते; पुस्तक धरून किती, हे आधीच विचारून घ्या. कागदपत्रं साधारण अशी लागतात : फोटो ओळखपत्र, पासपोर्ट फोटो, आणि आपल्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे महाराष्ट्रात डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं, परिचारिकांना नर्सिंग कौन्सिलचं. इंटर्न असाल तर कॉलेजचं पत्र चालतं का, ते केंद्राला विचारा. आधीचं बीएलएस कार्ड असेल तर त्याची प्रत जोडा. ई-मेल पत्ता मात्र नीट तपासून भरा, कोर्स पूर्ण झाल्याचं ई-कार्ड त्यावरच येतं.

एक कागद हमखास राहतो : पूर्वचाचणीचं प्रमाणपत्र. लयी, औषधं आणि प्रत्यक्ष प्रसंग यांवरची ही ऑनलाइन चाचणी असते. त्यात किमान ७० टक्के लागतात, आणि कितीही वेळा देता येते. प्रिंट घेऊनच वर्गात जा.

लेखी परीक्षेत ८४ टक्के हवेत. खरी कसोटी असते ती मेगाकोडची, म्हणजे हृदय बंद पडल्याच्या सराव-प्रसंगात टीम चालवून दाखवायची. पुतळ्यासमोर टीम उभी असते : एक दाब देणारा, एक श्वासमार्ग सांभाळणारा, एक मॉनिटर आणि शॉकवर, एक औषधांवर, एक वेळ नोंदवणारा, आणि तुम्ही लीडर. लीडरने शक्यतो स्वतःचे हात मोकळे ठेवायचे. तुम्ही म्हणता, "अ‍ॅड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम, आयव्ही." औषधवाली तेच शब्द परत उच्चारते, देते आणि सांगते, "दिलं." ते ऐकू येईपर्यंत तुमची ऑर्डर पूर्ण झालेली नसते. दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली किमान ५ सेंटिमीटर, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा आणि लय तपासायची, तीही १० सेकंदांच्या आत. कोणी चुकीचा डोस उच्चारला तर ज्युनिअरनेही तिथल्या तिथे टोकायचं असतं. आपल्याकडे सिनिअरला टोकायला जीभ रेटत नाही, म्हणून मला कोर्सचा हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. सरावात लाजू नका, मोठ्याने बोला.

यात अडखळलात तर प्रशिक्षक पुन्हा शिकवून फेरचाचणी घेतात.

"घरबसल्या एसीएलएस कार्ड" अशा जाहिरातींपासून लांब राहा. थिअरी ऑनलाइन करता येते, पण कौशल्याची चाचणी प्रत्यक्षच द्यावी लागते. ई-कार्डवरच्या कोडने कोणतंही रुग्णालय ते खरं की खोटं हे तपासू शकतं. आखाती देशांत नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या परिचारिकांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

कार्ड दोन वर्षं चालतं. मुदत संपण्याआधी नाव दिलं तर लहान नूतनीकरण वर्ग मिळू शकतो. मुदत उलटली तर बऱ्याच केंद्रांत पूर्ण कोर्स करावा लागतो. या मधल्या काळात वॉर्डात दोन-तीन महिन्यांतून एकदा मॉक कोड, म्हणजे अशा प्रसंगाची रंगीत तालीम, घेत राहा, आणि त्यात रात्रपाळीच्या लोकांनाही घ्या.