‘खाजेची गोळी द्या’ म्हणण्याआधी

मोंढा रस्त्यावरच्या आमच्या औषध दुकानाकडून ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढते आणि आमच्या काउंटरवरचं बोलणंही बदलतं. “नाक गळायलंय.” “डोळे चुरचुर करायलेत.” “अंगभर खाज सुटलीय, ती बारकी गोळी द्या.” आम्ही गोळी देतो, गुणही येतो. दहा दिवसांनी तोच माणूस त्याच गोळीसाठी परत उभा असतो. गोळीनं त्रास दबतो, पण तो कशानं उठला हे आम्हाला काउंटरमागून दिसत नाही, आणि डॉक्टरांनाही पाच मिनिटांत दिसत नाही. कारण तुमच्या वावरात असतं, नाहीतर गोधडीत, नाहीतर कलपाच्या पाकिटात. ते हुडकायला तुमचीच मदत लागते, म्हणून हे पत्रक.

वावडं म्हणजे काय

अ‍ॅलर्जी हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं १९०६ साली काढला. आपल्याकडे त्याला ‘वावडं’ असा शब्द आहेच. शरीराची राखण करणारी यंत्रणा परागकण, धूळ, शेंगदाणा अशा निरुपद्रवी वस्तूला वैरी समजते आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं, म्हणजे वैऱ्याला ओळखणारी प्रथिनं, बनवते. ती त्वचा, नाक, श्वासनळी इथल्या काही पेशींवर जाऊन बसतात. तीच वस्तू पुन्हा आत आली की या पेशी फुटल्यासारख्या होतात आणि हिस्टामिन नावाचं रसायन बाहेर पडतं. शिंका, खाज, पाणी, सूज हा सगळा त्याचाच खेळ.

“इतकी वर्षं खात आलो, आत्ताच कसं काय?” हा प्रश्न आम्ही रोज ऐकतो. याचं उत्तर वरच आलं. आधी शरीर गुपचूप तयारी करतं, त्रास नंतर सुरू होतो. वावडं कोणत्याही वयात लागू शकतं. आई-वडिलांना दमा किंवा सतत शिंका असतील तर मुलांमध्ये शक्यता वाढते, एवढंच.

दुसरा प्रकार उशिराचा. वस्तू आज लागते आणि कातडी उद्या-परवा लाल होते. यात हिस्टामिनचा वाटा फारसा नसतो, त्यामुळे खाजेची गोळी इथं फार उपयोगी पडत नाही. गाजर गवत आणि कलप या प्रकारात मोडतात.

‘पित्त उठलं’ या शब्दाचा घोटाळा

अंगावर लालसर, खाजऱ्या गांधी उठल्या की आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो. पोटात जळजळतं त्यालाही आपण पित्तच म्हणतो. मग माणूस गांधींवर अ‍ॅसिडिटीची गोळी मागतो आणि आठ दिवस वाया घालवतो. अंगावरचं पित्त कातडीतल्या हिस्टामिनमुळे उठतं. आमसुलाचं पाणी लावल्यानं गार वाटत असेल तर खुशाल लावा, पण इलाज म्हणजे हिस्टामिनविरोधी गोळी, तीच ती खाजेची गोळी.

यातली एकेक गांध साधारण चोवीस तासांच्या आत मागमूस न ठेवता विरते आणि दुसरीकडे नवी उठते. एकाच जागी दोन-तीन दिवस राहिली, दुखली किंवा काळसर डाग ठेवून गेली तर ते प्रकरण वेगळं आहे, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. सहा आठवड्यांहून जास्त दिवस पित्त उठत असेल तर बहुतेकदा बाहेरचं कारण सापडतच नाही. अशा वेळी घरचे आधी वांगं बंद करतात, मग डाळ, मग दूध, आणि शेवटी माणूस ज्वारीची भाकरी आणि मिठावर येतो. पित्त मात्र उठतच राहतं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं रोज ठरलेल्या वेळी गोळी घेणं हा त्यापेक्षा कितीतरी बरा मार्ग. वांग्याचं वावडं खोटं नाही, काहींना असतंच. पण ते तुम्हाला आहे का, हे ठरवायला शेजारणीचा अनुभव पुरत नाही.

सोयाबीनची रास आणि छातीतली घरघर

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून एखाद्या दिवशी अचानक दम्याच्या रुग्णांची रीघ लागायची. असे २६ दिवस नोंदले गेले. डॉक्टरांनी ते दिवस बंदराच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा ज्या दिवशी जहाजातून सोयाबीन उतरवलं जाई, त्याच दिवशी माणसं धापा टाकत असल्याचं दिसलं. दोष सोयाबीनच्या टरफलाच्या बारीक धुळीचा होता. साठवणुकीच्या कोठारांना धूळ अडवणाऱ्या गाळण्या बसवल्यावर ती साथ थांबली.

ती धूळ तर शहरभर पसरून विरळ झालेली होती. आपला माणूस मळणीयंत्राच्या तोंडाशी उभा असतो. हमाल दिवसभर पोती उलटवतो, डाळ मिलमध्ये तुरीचा भुसा उडतो, वसमतकडे हळद. या कामात गमजा किंवा रुमाल जाड कचरा अडवतो, बारीक धूळ त्यातून आत जातेच. एन-९५ मास्क घ्या, नाकावरची पट्टी दाबून बसवा आणि वारा पाठीमागून येईल असे उभे राहा. घरी आल्यावर कपडे दाराबाहेर झटका आणि लेकराला कडेवर घेण्याआधी आंघोळ करा. काम संपल्यावर रात्री छातीत घरघर होत असेल, पहाटे खोकल्यानं जाग येत असेल, तर तो दमा असू शकतो. त्याला नुसती शिंकांची गोळी पुरत नाही.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर अ‍ॅलर्जी म्हणून सोडून देऊ नका. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी फुकट होते. क्षयरोग नाही, हे आधी कळू द्या.

गाजर गवत

मराठवाड्यात पावसाळ्यानंतर बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या मैदानावर पांढरी बारीक फुलं डोलताना दिसतात. ते गाजर गवत, काँग्रेस गवत. हे मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात आणि १९५५ च्या सुमारास ते पहिल्यांदा पुण्यात दिसलं. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य कातडीला बाधतं. हात लावायचीही गरज नसते, वाळलेल्या गवताचा चुरा वाऱ्यानं उडून येतो.

ओळखायची खूण अशी. पापण्या, मान, कानामागची जागा, कोपराची आतली घडी इथं कातडी जाड, काळपट आणि खाजरी होते. वावरात राबणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत हे जास्त दिसतं. दिवाळीनंतर थोडं बरं वाटतं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा. काही वर्षांनी बारा महिने राहतं. ‘ऊन लागलं’, ‘रक्त बिघडलं’ म्हणत लोक वर्षं काढतात.

गवत फुलोऱ्यावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. ज्याला आधीच त्रास आहे त्यानं मात्र हे काम दुसऱ्याकडे द्यावं. हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे भारतात १९८४ पासून सोडले जात आहेत. त्यांच्याबद्दल परभणीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करता येईल.

बिब्बा आणि कलप

पायात काटा मोडला, टाच दुखली, की घरातलं मोठं माणूस बिब्बा तापवायला घेतं. मोठ्यांचा मान राखून सांगतो, बिब्बा उतला तर पाणी भरलेले फोड येतात आणि त्याचं तेल हातावरून तोंडाला, डोळ्याला लागतं. आंबा आणि काजू बिब्ब्याच्याच कुळातले. ज्याला बिब्बा उततो त्याला आंब्याच्या चिकानंही ओठाभोवती चट्टे येऊ शकतात. कैऱ्या उतरवताना ध्यानात ठेवा.

लग्नसराईत सुजलेले डोळे घेऊन येणारा पाहुणा बहुधा आदल्या दिवशी कलप लावून आलेला असतो. कलपात आणि ‘काळ्या मेंदी’त पीपीडी नावाचं रसायन असतं. पाकिटावर लिहिलेली चाचणी कोणी करत नाही, पण ती करायचीच. कोपराच्या आत थोडासा ठिपका लावून ४८ तास थांबा. यापूर्वी एकदा जरी सूज आली असेल तर चाचणीही नको आणि कलपही नको. पांढऱ्या केसांनी लग्न अडत नाही.

घरातला त्रास

सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका, नाकाच्या आत खाज, ताप नाही, आणि हे आठवड्याच्या पुढं चाललेलं. ही सर्दी नव्हे. गाद्या-गोधड्यांत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे राहतात, त्यांच्या विष्ठेनं हे होतं. दमट हवा त्यांना मानवते, म्हणून पावसाळ्यात जोर. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला कडक गरम पाण्यात, साधारण ६० अंशांच्या, धुवा. गोधड्या कडक उन्हात टाका, उन्हाची आपल्याकडे कमी नाही. झटकायचं काम मात्र शिंकणाऱ्यानं करू नये. उन्हाळ्यात कूलरचं गवत बदला, जुन्या ओल्या गवतात बुरशी धरते.

तपासण्या : कोणती, कधी

लगेच होणाऱ्या त्रासासाठी त्वचेवर टोचून करायची चाचणी असते. हातावर थेंब ठेवून हलकं टोचतात आणि १५-२० मिनिटांत गांध येते का ते पाहतात. त्याआधी पाच ते सात दिवस हिस्टामिनविरोधी गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर निकाल खोटा येतो. कोणती गोळी कधी बंद करायची हे डॉक्टरांनाच विचारा. गाजर गवत, कलप, नकली दागिने यांसाठी पॅच चाचणी करतात. पाठीवर पट्ट्या चिकटवून ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एकदा तपासतात. लातूर, अंबाजोगाई, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग आहेत, तिथं विचारून पाहा.

रक्तातलं एकूण आयजीई वाढलं म्हणजे अ‍ॅलर्जीच, असं नाही, जंतांनीही ते वाढतं. शंभर-दोनशे पदार्थांची एकगठ्ठा तपासणी करून लांबलचक यादी हातात घेऊन येणारे ग्राहक आम्ही पाहतो. त्या यादीतला जो पदार्थ खाऊन तुम्हाला कधीच काही झालं नाही, तो नुसत्या कागदासाठी सोडू नका. केसांवरून वावडं सांगणाऱ्या तपासणीला शास्त्रीय आधार नाही.

या सगळ्याआधी एक वही करा. त्रास कधी झाला, त्याआधी तासा-दोन तासांत काय खाल्लं, कुठं होता, कोणतं औषध घेतलं, एवढं महिनाभर लिहा. ही वही डॉक्टरांना महागड्या रिपोर्टाहून जास्त सांगते.

औषधांबद्दल आमचं म्हणणं

क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी झोप येते. सेटिरिझिननं कमी येते, पण येते. फेक्सोफेनाडिननं सहसा नाही. ट्रॅक्टर, टमटम, मळणीयंत्र चालवणाऱ्यांनी गोळी मागतानाच काम सांगावं. दारूसोबत यातली एकही नको. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं आहे. आम्ही ते देत नाही, रागावू नका. मॉन्टेलुकास्ट हे दमा-अ‍ॅलर्जीचं औषध असलेल्या गोळीनं मूल चिडचिडं झालं, भयानक स्वप्नं पडू लागली, तर लगेच डॉक्टरांना कळवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये याबद्दल ठळक इशारा दिला आहे.

नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांच्या वर वापरले की नाक त्यांच्यावाचून उघडेनासं होतं. स्टेरॉइडचा फवारा वेगळा, तो पहिल्याच दिवशी गुण देत नाही, आठ-पंधरा दिवस नेमानं मारावा लागतो. मान किंचित खाली घाला, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, नळी मधल्या पडद्यापासून बाहेरच्या बाजूला वळवून. जमत नसेल तर दुकानात दाखवून देऊ. दम्याच्या पंपाची सवय लागते ही भीती सोडा. त्यातली मात्रा गोळीपेक्षा फार कमी असते आणि ती थेट फुफ्फुसात जाते. पंपानंतर गुळणी करा.

मलमाबद्दल मात्र आमचा हट्ट आहे. नायटा आणि खाज ‘दोन दिवसांत गायब’ करणाऱ्या ट्यूबमध्ये बहुतेकदा कडक स्टेरॉइड असतं. खाज थांबते, नायटा आतून पसरतो, कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लव येते. २०१८ पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ट्यूब विकली तर आमचेच चार पैसे सुटतात, तरीही नाही म्हणतो.

काहींसाठी, ज्याचं वावडं त्याचीच शरीराला हळूहळू सवय लावणारी लस-पद्धत आहे. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये ती पहिल्यांदा छापून मांडली. तीन ते पाच वर्षं चिकाटी लागते, आणि ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

जिवावरचा प्रसंग

मोहोळ उठून माशा चावल्या, इंजेक्शन दिलं, गोळी घेतली किंवा काही खाल्लं, आणि मिनिटांत अंगभर गांधी आल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला, ओकारी आली, डोळ्यापुढं अंधारी आली. असं झालं तर आमच्या दुकानाकडे येऊ नका. १०८ ला फोन करा. माणसाला आडवं झोपवा, पाय वर उचलून धरा, दम लागत असेल तर टेकून बसवा, पण उठवून चालवू नका. यावर पहिलं औषध अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. खाजेचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबा, त्रास उलटून येऊ शकतो.

पेनिसिलिन, सल्फा, वेदनाशामक गोळ्या यांचं वावडं जास्त आढळतं. औषध सुरू केल्यावर ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सोलणं असं काही दिसलं तर ते औषध थांबवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. एकदा कोणत्या औषधानं त्रास झाला की त्याचं नाव फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहा आणि घरच्यांना पाठ करायला लावा.

आणि दुकानात येताना जुनी रिकामी पट्टी सोबत आणा. “ती पांढरी बारकी गोळी” म्हणालात तर मागच्या फळीवर पांढऱ्या बारक्या गोळ्यांचीच शेकडो खोकी रचलेली आहेत.