कडेला चावा घेतलेला रुपया

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात किराणा दुकानाच्या गल्ल्यावरच्या काकांनी एक रुपया माझ्यापुढे सरकवला. "हे पाय भाऊ, उंदरानं कुरतडल्यावानी हाय. कोनी घेत नाही." १९९८ सालचा स्टेनलेस स्टीलचा रुपया, पण कडेला चंद्रकोरीएवढा तुकडाच नव्हता. नाणं फिरवून मी त्या कोरीच्या अगदी समोरची कड पाहिली आणि मन हरखलं. तिथली कड दबकी, जवळजवळ सपाट होती. हे कानशीने घासलेलं नाणं नव्हतं. टांकसाळीतूनच ते असं आलं होतं.

घरी मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडतात, तशा धातूच्या पट्टीतून नाण्यांच्या कोऱ्या चकत्या पाडल्या जातात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर वाटी आधीच्या भोकावर थोडी चढते आणि पुरी चावा घेतल्यासारखी निघते. पुढे ही चकती खाचेतून दाबत फिरवून तिची कड उचलतात. दाब दोन्ही बाजूंनी लागतो. ज्या क्षणी एका बाजूला कोर येते, त्या क्षणी तिथे रेटायला धातूच नसतो, म्हणून समोरच्या बाजूवरही दाब बसत नाही. तिथली कड उचललीच जात नाही. नंतर ठशांचा मार बसला, की कोरीजवळचा धातू मोकळ्या जागेकडे सरकतो आणि तिथली अक्षरं किंचित ताणली जातात. बाजारात फिरताना कोणी नाणं कापलं, तर अक्षरं सरळ तुटतात आणि समोरची कड शाबूत राहते. संग्राहक आधी हेच तपासतात.

दुसरी चूक कोणालाही घरी शोधता येईल. आपल्या नाण्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने उभ्या असतात. सिंहमुद्रा सरळ धरा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं फिरवा; मागचा आकडाही सरळ दिसायला हवा. आडवा किंवा उलटा दिसला, तर यंत्रातला एक ठसा आपल्या जागेवरून फिरला होता.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते 'लाखी' नाणं. छापलेलं नाणं कधी ठशाला चिकटून राहतं. खाली आलेल्या नव्या चकतीवर मग ठशाऐवजी तेच नाणं उमटतं. परिणाम असा, की एका बाजूला नेहमीचं उठावदार चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं, खोल गेलेलं. दोन्हीकडे उठावदार सिंह असलेलं नाणं कोणी दाखवलं, तर मात्र सावध व्हा. अशी बहुतेक नाणी दोन नाणी कोरून जोडलेली असतात. रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणंही टांकसाळीची चूक नव्हे. आमच्याकडच्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवर आम्ही लहानपणी अशी कितीतरी केली.

सालाखालची खूणही पाहावी. हिरा म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि खूण नसली तर कोलकाता. काकांच्या रुपयावर हिरा होता. पूर्ण रुपयाचं वजन ४.८५ ग्रॅम असतं. शेजारच्या सराफाच्या काट्यावर हा हलका भरला, तुकड्याच्या वजनाइतका.

"मग चिंच लावून चकचकीत करू का?" काकांनी विचारलं. मी त्यांचा हातच धरला. घासलं की धातूची मूळ झळाळी कायमची जाते, आणि संग्राहकाला हवी असते तीच. काकांनी वहीचं पान फाडून रुपया त्यात गुंडाळला, आणि वर पेनाने लिहिलं: दारव्हा बाजार, गल्ल्यात सापडला.