स्मार्ट लॉक घेताय? आधी दार बघा, मग लिव्हर का डेडबोल्ट ते ठरवू

दुकानात रोज कोणीतरी मोबाईलवर लॉकचा फोटो दाखवतं आणि विचारतं, हे आमच्याकडे बसेल का. आम्ही आधी दाराचा फोटो मागतो. बऱ्याच जणांना ते विचित्र वाटतं, पण लॉक कितीही भारी असलं तरी ते धरून ठेवणार दार आणि चौकटच ना, म्हणून हे पत्रक काढलंय, घेण्याआधी एकदा शांतपणे वाचा.

पहिला गोंधळ नावाचा. आपल्याकडे लिव्हर म्हटलं की लोकांना ७ लिव्हरचं कुलूप आठवतं, ते आतले पितळी तुकडे वेगळे. इथे लिव्हर म्हणजे खाली दाबायचं हँडल. त्याची जीभ, म्हणजे लॅच, तिरकी कापलेली आणि स्प्रिंगवर असते, त्यामुळे दार ओढलं की खट्कन आपोआप बसते. डेडबोल्टला स्प्रिंग नसते. सरळ जाड बोल्ट, मोटरने किंवा चावीने चौकटीत सरकतो, चांगल्या लॉकमधे साधारण २५ मिमी म्हणजे १ इंच, आणि एकदा गेला की ढकलून मागे येत नाही. जुन्या वाड्यात दारामागे अडसर टाकायचे, तेच काम.

फरक इथेच आहे. स्प्रिंगची जीभ फटीतून पातळ प्लास्टिक सरकवून मागे ढकलता येते. चांगल्या लॅचला शेजारी एक छोटी पिन असते, ती दाबलेली असली की जीभ मागे जात नाही, पण ती पिन दार बंद असताना चौकटीवरच्या पट्टीवर दाबून राहायला हवी, सुताराने पट्टीचं भोक मोठं कोरलं तर पिनपण भोकात जाऊन बसते आणि मग तिचा काही उपयोग नाही. हे आम्ही बसवलेल्या प्रत्येक दाराला तपासतो, तुम्ही दुसऱ्या कोणाकडून बसवलं तरी तपासून घ्या.

म्हणून आमचं स्पष्ट मत, मेन डोअरला नुसतं लॅचवालं लिव्हर लॉक नको. बेडरूम, क्लिनिकची आतली खोली, घरातलं ऑफिस, जिथे दिवसात पन्नास वेळा दार उघडतं तिथे लिव्हर मस्त. मेन डोअरला बोल्ट पाहिजेच. आणि दोन्ही हवं असेल तर मॉर्टिस टाइप घ्या, एकाच बॉडीत लॅच पण आणि डेडबोल्ट पण, आपल्याकडे फ्लॅटला विकली जाणारी बरीचशी हँडलवाली स्मार्ट लॉक्स अशीच असतात. फक्त विचारून घ्या की दार ओढल्यावर बोल्ट आपोआप बाहेर येतो का त्यासाठी हँडल वर उचलावं लागतं, कारण उचलायचं राहिलं तर तुम्ही फक्त लॅचच्या भरवशावर बाहेर गेलात.

आता बॅटरी, यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. साध्या लिव्हरमधे छोटी मोटर फक्त आतला जोड जुळवते, दाबायची ताकद तुमच्या हाताची. डेडबोल्टमधे मोटरला स्वतः बोल्ट ढकलावा लागतो, आणि बोल्ट भोकाच्या कडेला घासत असेल तर दर वेळी जास्त जोर लागतो आणि बॅटरी लवकर बसते. बहुतेक मॉडेलला ४ डबल ए सेल लागतात, ते अल्कलाइनच टाका, साधे स्वस्त सेल लवकर उतरतात आणि आत गळले तर सर्किट खराब होतं. लाईट गेली तरी लॉक चालतं, ते सेलवरच असतं. सेल पूर्ण बसले तर बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी किंवा पॉवरबँक लावायची सोय आहे का ते बघा. आणि चावी! चावी घरात कपाटात ठेवून उपयोग नाही, जवळच्या नातेवाइकाकडे एक ठेवा.

बॅटरीचं सांगितलं कारण ते पावसाळ्याशी जोडलेलं आहे. जून गेला की लाकडी दारं फुगतात, बिजागऱ्या थोड्या खाली बसलेल्या असतातच, आणि उन्हाळ्यात लोण्यासारखा जाणारा बोल्ट आषाढात अडकायला लागतो. साधी टेस्ट आहे, बोल्टच्या टोकाला खडू लावा, दार न ढकलता न उचलता बंद करा आणि बोल्ट टाका, पट्टीवर कुठे डाग पडला ते दिसतं. तिथे कानस मारली, बिजागरीचे स्क्रू आवळले की बहुतेक वेळा काम होतं. दार दाबून धरल्याशिवाय तुमची आत्ताची कडी लागत नसेल तर मोटरचा डेडबोल्ट घेऊच नका, आधी सुतार बोलवा. आम्ही अशा दाराला लॉक विकत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

लिव्हरचा त्रास वेगळा. एक काकू कचरा ठेवायला दोन पावलं बाहेर आल्या, वाऱ्याने दार लागलं, आत गॅसवर दूध, बोट ओलं म्हणून फिंगरप्रिंट घेईना आणि पिन नंबर फक्त मुलाला माहीत. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला पिन नंबर पाठ पाहिजे. वयस्कर माणसांच्या आणि सतत हाताने काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात, त्यांना लॉक उघडायचं कार्ड द्या. ज्यांचे सांधे दुखतात त्यांना मात्र हँडल सोपं, मनगट पिरगळायला लागत नाही. लहान मूल असेल तर तेच हँडल तेही दाबतं, आतल्या बाजूला चाइल्ड लॉक आहे का बघा.

जाळीच्या सेफ्टी डोअरला आतून दाबलं की उघडणारं हँडल लावू नका, जाळीतून हात घालून कोणीही उघडेल. शेजारी काच असलेल्या दाराला पण तोच विचार. पण म्हणून आतूनही चावी लागणारा डेडबोल्ट घेऊ नका हो, आग लागली, धूर झाला तर अंधारात चावी कुठे शोधणार. आतून एका हाताने, चावीशिवाय उघडलं पाहिजे.

भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी विचारा, गोल डेडबोल्टला दारात ५४ मिमीचं भोक पडतं आणि ते परत बुजत नाही. दार किती जाड हे पण बघा, असे बरेच डेडबोल्ट ३५ ते ४५ मिमी दारासाठी बनलेले असतात आणि आपल्याकडे ३० मिमीची फ्लश डोअर भरपूर आहेत. दोन झडपांचं दार असेल तर दाराच्या अंगावर बसणारं रिम लॉकच, आणि दुसऱ्या झडपेच्या वरखालच्या कड्या आधी पक्क्या करा.

येताना तीन फोटो आणा, दार बाहेरून, दार आतून, आणि दाराची कड मोजपट्टी लावून जाडी दिसेल असा. चौकटीचा पण एक काढलात तर आमचं अर्धं काम तिथेच होईल.