एक कप म्हणजे पाव किलो?
दिवाळीच्या तोंडावर पुण्यातल्या घराघरांत नानकटाईचे बेत सुरू झाले, की ‘एक कप म्हणजे पाव किलो’ हा जुना हिशेब हमखास पुढे येतो. तो पाण्यापुरता खरा आहे, पिठाला लागू नाही. २५० मिलिलिटरच्या कपात पाणी २५० ग्रॅम मावते, साखर साधारण २१० ग्रॅम, तर चाळून अलगद भरलेला मैदा जेमतेम १२० ग्रॅम, कारण त्याच्या कणांमध्ये हवा असते. तोच कप डब्यात खुपसून, ओट्यावर आपटून भरला, तर मैदा १५० ग्रॅमच्या घरात जातो आणि नानकटाई कोरडी पडून भेगाळते. उकडीच्या मोदकांना मात्र वजनकाट्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे पिठी आणि पाणी एकाच वाटीने मोजायचे असल्याने वाटी कोणतीही चालते.