बाराखडी म्हणजे मराठी फोनिक्स नव्हे

अक्षरांच्या ध्वनींवरून इंग्रजी वाचायला शिकवायच्या पद्धतीला फोनिक्स म्हणतात. ‘फोनिक्स म्हणजे आपली बाराखडीच की!’ हे वाक्य पालकसभेत हमखास ऐकू येतं. दुसरीकडे ‘ए फॉर ॲपल’ घोकून घेणारे वर्गही पाटीवर ‘फोनिक्स’ लिहून मोकळे होतात. ते गाणं अक्षरांची नावं शिकवतं, आणि ‘एच’ हे नाव कितीही घोकलं तरी त्यातून ‘हॅट’ वाचता येत नाही. तो विषय संपला. बाराखडीचा गोंधळ मात्र चिवट आहे, कारण तो अर्धा खरा आहे: दोन्हींत ध्वनी जोडूनच वाचतात.

बाराखडी तुम्हाला पाठ आहेच (2009 पासून ॲ आणि ऑ धरून चौदाखडी). फोनिक्समध्ये इंग्रजीचे साधारण 44 ध्वनी 26 अक्षरांनी, एकेकट्या किंवा जोडीनं, कसे लिहितात ते शिकवतात आणि ते ध्वनी जोडून शब्द वाचायला लावतात.

आता खरी मेख. आपला ‘क’ हा एक ध्वनी नाही. तो क् अधिक अ आहे. फोनिक्सला हवा असतो पाय मोडलेला क्. घरी पालक ‘एस म्हणजे स, टी म्हणजे ट’ असं शिकवतात आणि काही महिने काहीच बिघडत नाही. ब, ॲ, ट म्हटलं की मूल बाराखडीच्या सवयीनं ‘बॅ’ करतं आणि शेवटच्या ‘ट’मधला अ आपसूक गाळतं, जसा ते ‘घर’ वाचताना ‘र’मधला गाळतं. ‘बॅट’ बरोबर येतं, सगळे खूश. मग ‘स्टॉप’ येतो आणि मूल वाचतं ‘सटॉप’. ‘ब्लेंड’चं होतं ‘बलेंड’.

स्पेलिंगमध्ये हाच दोष उलटा दिसतो. ‘सन’ (sun) देवनागरीत दोन अक्षरांत संपतो, म्हणून मूल इंग्रजीतही एस-एन लिहून थांबतं. मधला यू त्याच्या लेखी ‘स’च्या पोटातच आहे. त्याला ‘निष्काळजी’ म्हणून दहादा लिहायला लावणं हा शुद्ध अन्याय आहे. आपणच शिकवलेलं त्यानं इमानदारीनं लिहिलंय.

उपाय सोपा आहे. लांबवता येणारे ध्वनी आधी घ्या: स्स्स्, म्म्म्, न्न्न्. ट्, प्, क् तुटक, जवळजवळ कुजबुजत म्हणा. ब्, ड्, ग् कितीही जपलं तरी किंचित अ चिकटतोच. म्हणून ते सुटे न घोकवता थेट पुढच्या स्वरात घाला: बॅ, मग ट्. लिहिण्याआधी ‘सन’चे ध्वनी बोटांवर मोजून घ्या, तीन बोटं उठली पाहिजेत. आणि इंग्रजी अक्षराखाली देवनागरी लिहायचीच असेल, तर पाय मोडून लिहा. माझं मत विचाराल तर लिहूच नका.

व्ही आणि डब्ल्यू दोन्ही ‘व’ वाटणं वगैरे फरक किरकोळ आहेत, कानाला सवय झाली की सुटतात.

तपासायला ओळखीचे शब्द देऊ नका, ते पाठ झालेले असतात. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीच्या मुलांची जी फोनिक्स चाचणी होते, तिच्या 40 शब्दांपैकी 20 निरर्थक असतात ते याचसाठी. घरी रोमन लिपीत ‘फ्लिम’, ‘स्टॉग’, ‘ब्रेप’ लिहून दाखवा. ‘फलिम’ ऐकू आलं, तर पुन्हा स्स्स्पासून सुरुवात.